गुडघा किती वाकला, ताई?

गुडघा वाकवताना माणूस एक तर शिव्या देतो, नाहीतर गोष्टी सांगतो. शिव्या मी विसरते. गोष्टी मात्र साठत गेल्या, आणि आता इतक्या झाल्यात की जेवायला बसल्यावर मी तोंड उघडलं की माझी मुलगीच विचारते, "आज कुणाचा गुडघा?"

मी फिजिओथेरपिस्ट. लोक मालिशवाली म्हणतात, त्याचा मला राग येतो. मी मालिश करत नाही. मी कोन मोजते, आणि तो वाढेपर्यंत माणसाला सोडत नाही. आमचं हॉस्पिटल नाशिकला, द्वारका चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आहे. खाली ओपीडी, पहिल्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर आणि दुसऱ्यावर मी. गुडघ्याच्या पेशंटांना दुसऱ्या मजल्यावर चढवायची कल्पना कुणाची होती, हे मी गेली एकोणीस वर्षं विचारतेय. अजून कुणी कबूल झालेलं नाही.

हाड मोडलेला पेशंट दोन महिन्यांत बरा होतो आणि नंतर बाजारात भेटला तर ओळखसुद्धा देत नाही. लिगामेंटवाला तसा नसतो. गुडघ्याच्या आत वरचं हाड खालच्या हाडाला धरून ठेवणारी एक दोरी असते. ती तुटली की चालता चालता गुडघा सटकतो. ऑपरेशन करून नवी दोरी घातली तरी ती अंगी लागायला नऊ महिने ते वर्ष जातं. तेवढ्या दिवसांत त्या माणसाच्या घरातली लग्नं, बारशी आणि भांडणं मला पाठ होतात.

त्यातलेच हे काही किस्से. यात हिराबाई जास्त येतील, कारण त्या वर्षी त्यांनी माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं.

*

सरांच्या ओपीडीत टेबलाशेजारी एक चटई गुंडाळून उभी केलेली असते. सर म्हणजे आमचे सर्जन. बोलतात कमी. आधी एमआरआय बघतात, मग गुडघा हातात धरून पुढं ओढून बघतात, आणि शेवटी चटई अंथरून सांगतात, "घरी बसता तसं बसून दाखवा."

नवीन पेशंट बावचळतो. पण चटईला कारण आहे. तुटलेल्या दोरीच्या जागी जी नवी घालायची, ती पेशंटच्याच पायातून काढतात. आमच्याकडे सर ती तीन जागांपैकी एका ठिकाणाहून काढतात: मांडीच्या मागून, गुडघ्याच्या वाटीखालून, नाहीतर घोट्याच्या बाहेरच्या अंगानं. वाटीखालची भक्कम असते, पण ती काढली की पुढं गुडघे टेकताना दुखतं. मग नमाज पढणाऱ्याला किंवा फरशी बसवणाऱ्याला ती काय कामाची? मांडीमागची काढली तर पाय पूर्ण दुमडायची ताकद जरा कमी होते. म्हणून आधी माणूस बसतो कसा ते बघायचं आणि मग दोरी कुठून काढायची ते ठरवायचं, अशी सरांची पद्धत.

एकदा एका बँकेतले मोठे साहेब आले. बॅडमिंटन खेळताना गुडघा गेलेला. चटई बघून त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं असावं.

"आमच्या घरी खाली कुणी बसत नाही, डॉक्टर. डायनिंग टेबल आहे."

"पूजेला?"

"मिसेस करतात."

"टीव्ही बघताना?"

"सोफा आहे."

सर चटई गुंडाळायला लागले, तेवढ्यात मिसेस म्हणाल्या, "अहो, खरं सांगा ना त्यांना. डॉक्टर, हे सोफ्यावर मांडी घालून बसतात. डायनिंगच्या खुर्चीवरही मांडीच. यांच्या शिपायानं मला सांगितलंय, केबिनमध्ये बूट काढून खुर्चीवर मांडी घातलेली असते."

साहेब म्हणाले, "केबिनचं दार बंद असतं."

सरांनी केसपेपरवर लिहिलं, 'मांडी: दिवसभर.'

*

मालेगावचे सलीमभाई लूमवर कामाला होते. ओल्या फरशीवर पाय घसरला आणि गुडघा पिरगळला. सरांनी एमआरआय बघून सांगितलं की दोरी पूर्ण तुटलीय, नवी घालावी लागेल.

सलीमभाईंना हे पटेना. ते म्हणाले, "डॉक्टरसाब, मेरी पूरी जिंदगी टूटा धागा जोडने में गई. धागा टूटा तो गाठ मारते हैं, नया बीम, पूरा का पूरा ताना, थोडी चढाते? इसको भी जोड दो."

सरांनी त्यांना नीट समजावलं. दोरी हाडापासून ताजी उखडली असेल, तर कधीकधी टाके घालून ती परत जागेवर बसवता येते. पण मधूनच फाटली तर टोकं पिंजली जातात, आणि सांध्यातल्या पाण्यात ती एकमेकांना धरत नाहीत. सलीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहले मेरे को दिखाओ. फिर मैं बोलता हूँ."

आमच्याकडे हे ऑपरेशन बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन करतात. कमरेखाली बधिर, पण माणूस जागा. आत कॅमेरा घातला की समोरच्या स्क्रीनवर सगळं दिसतं. सरांनी स्क्रीन सलीमभाईंकडे वळवायला लावला आणि तुटलेली टोकं समोर आणली. सलीमभाई मान उचलून बराच वेळ बघत राहिले.

"साब, ये नहीं जुडेगा," ते म्हणाले. "निकाल दो."

सर म्हणाले, "थँक यू," आणि कामाला लागले.

एवढ्यावर संपलं असतं. पण बाजूच्या टेबलावर सिंधू सिस्टर नवी दोरी तयार करत होती. मांडीतून काढलेली दोरी साफ करून दुमडायची आणि तिच्या दोन्ही टोकांना दोऱ्यानं टाके घालून घट्ट करायचं, हे काम आमच्याकडे तिचं. पंधरा वर्षं करतेय. सलीमभाईंनी मान तिकडं वळवली.

"सिस्टर, टाका दूर दूर पड रहा है. खिंचाव आया तो सरकेगा. थोडा नजदीक लो."

सिंधू सिस्टरनं मास्कच्या वरून असं काही बघितलं म्हणे की दुसरा कुणी असता तर त्याला कमरेच्या वरही बधिर वाटलं असतं. सर उठून तिच्या टेबलापाशी गेले, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, जवळ घ्या." तिनं सगळे टाके उसवले आणि पुन्हा घातले.

हे मला सिंधू सिस्टरनं सांगितलेलं नाही, सरांनी सांगितलं. सलीमभाई वॉर्डात होते तोवर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. टाके मात्र तेव्हापासून जवळ पडतात.

*

हिराबाई चांदवडकडच्या. वय शेहेचाळीस. उन्हाळ्यात कांद्याच्या ट्रॉलीवरून उतरताना पाय चाकाच्या बाजूला अडकला आणि गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. गावात आठ-दहा दिवस शेकून झालं, मग त्या आमच्याकडे आल्या. सोबत धाकटी जाऊ विमल. फाइल, पिशवी, पाण्याची बाटली सगळं विमलच्या हातात, आणि ती बोलत मात्र अजिबात नव्हती.

सरांनी आधी ऑपरेशनला नकार दिला. या वयात पुष्कळ लोकांचं व्यायामावर भागतं. मांडीचे स्नायू तयार केले की ते गुडघा सांभाळतात. तीन महिने हिराबाईंनी व्यायाम केला. नंतर सरांनी चटई अंथरली. हिराबाई खाली बसायला गेल्या आणि अर्ध्यातच गुडघा सटकला. टेबल धरलं म्हणून वाचल्या.

"मला पळायचं नाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "उड्या मारायच्या नाय. मला उकिडवं बसता आलं पाहिजे. बाकी काय बी नको."

हिराबाई मुकादम आहेत. अठरा बायकांची टोळी. कांदे उपटून झाले की बायका ओळीनं उकिडव्या बसतात आणि विळ्यानं पात कापत कापत पुढं सरकतात. मुकादम सगळ्यांच्या पुढं. तिचा हात जसा चालतो तशी ओळ चालते.

सर म्हणाले, "तुम्ही मुकादम ना? मग उभं राहून लक्ष ठेवा. कशाला बसता?"

"उभी राहिले की मी मालकाची माणूस झाले," हिराबाई म्हणाल्या. "बायका माझं ऐकतात ते मी त्यांच्यात बसते म्हणून. उभ्या मुकादमाचं कोण ऐकतं? आता उन्हाळ्यापासून ओळीच्या पुढं ही बसती." त्यांनी विमलकडे बोट केलं. विमल भिंतीवरचा गुडघ्याचा तक्ता बघत राहिली.

मग ऑपरेशन ठरलं. उकिडवं बसायचं म्हणून वाटीखालची दोरी नको, पाय पूर्ण दुमडायचा म्हणून मांडीमागची नको. सर म्हणाले, घोट्याजवळची घेऊ.

"अन् मग घोटा काय करील?" हिराबाईंनी विचारलं.

"तिथं दोन असतात. एक काढली तरी दुसरी काम करते."

हिराबाईंनी जरा विचार केला. "दोन हाईत म्हणून एक न्यायची व्हय? राहिलेलीला कुणी इचारलं का?"

विमल तेव्हा पहिल्यांदा हसली.

*

आमच्याकडे नियम आहे की ऑपरेशन कुठल्या पायाचं, त्याची खूण पेशंटनं स्वतःच्या हातानं करायची. सिंधू सिस्टर मार्कर देते, पेशंट गुडघ्याच्या आतल्या बाजूला मोठा बाण काढतो. डॉक्टर, नर्स, पेशंट, तिघांचीही खात्री. यात चूक होऊच शकत नाही असं सिस्टरचं म्हणणं होतं.

इगतपुरीचे भांगरे रेल्वेत नोकरीला. घाटातल्या पावसात खडीवरून घसरून डावा गुडघा गेला होता. सकाळी त्यांनी बाण काढला, अगदी ठळक. पहिला नंबर दुसऱ्याच पेशंटचा होता, म्हणून हे पलंगावर पेपर वाचत बसले. तासाभरानं थिएटरमध्ये आणलं, चादर काढली, तर दोन्ही गुडघ्यांवर बाण.

सिंधू सिस्टरनं तिथंच काम थांबवलं. अशा वेळी ती सरांनाही जुमानत नाही. फाइल आणली. फाइलमध्ये डावा. एमआरआयची फिल्म शोधली, ती खाली ओपीडीत राहिलेली. मला वरून बोलावलं, कारण आधीचे व्यायाम मी घेतले होते. मी म्हटलं डावा, पण माझं कुणी लिहून घेईना. वीस मिनिटं आम्ही चार-पाच जण त्या दोन गुडघ्यांकडे बघत उभे होतो.

शेवटी टेबलावरून भांगरे म्हणाले, "मॅडम, मी बोलू का? दुखतो तो डावा."

अजून पाठीत इंजेक्शनही दिलेलं नव्हतं. माणूस टक्क जागा. त्याला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

नंतर उलगडा झाला. भांगरे पेपर वाचताना पाय दुमडून, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. ओल्या मार्करचा बाण या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर उमटला. आता सिस्टर मार्कर झाल्यावर पाच मिनिटं पेशंटला पाय फाकवून बसवते आणि स्वतः समोर उभी राहते. बायकांना फार अवघड वाटतं. तिला त्याचं काही नाही.

*

हिराबाईंचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. पहिले दोन महिने त्या नेमानं आल्या. गुडघा नव्वदपर्यंत वाकला, मग शंभर. उकिडवं बसायला एकशे चाळीसच्या वर लागतं. मी त्यांना भिंतीवर खडूनं रेघ मारून दाखवली होती. आल्या की आधी रेघेकडे बघायच्या.

दिवाळीच्या पुढं लाल कांद्याचं काम सुरू झालं. टोळी लावायची, मालकांशी बोलायचं, त्यामुळे दर आठवड्याला नाशिकला येणं जमेना. मी म्हटलं ठीक आहे, घरी व्यायाम करा आणि विमलच्या मोबाइलवरून रोज व्हिडिओ पाठवा.

व्हिडिओ अगदी वेळेवर यायचे. सुरुवातीला पाय कसाबसा दुमडत होता, आठवड्यात छान दुमडायला लागला. तीन आठवड्यांत टाच थेट मागं मांडीला टेकली. मला भरून आलं. मी सरांना दाखवलं, सर म्हणाले, "बाईंनी मेहनत घेतलीय." मी हिराबाईंना मेसेज केला, 'असंच चालू ठेवा.'

मग एके दिवशी सिंधू सिस्टर माझ्या खोलीत चहा प्यायला आली आणि व्हिडिओ बघून म्हणाली, "याला टाके कुठंयत?"

मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. गुडघ्यावर व्रण नाही. घोट्यावर व्रण नाही. पाय स्वच्छ.

मी लगेच फोन लावला. हिराबाईंनीच उचलला.

"हिराबाई, व्यायाम कोण करतंय?"

"विमल."

"आणि तुम्ही?"

"मला येळ कुठं हाय, ताई? तुम्हाला रोज व्हिडिओ पाहिजे व्हता. मी तिला म्हटलं, तू करून टाक. लय मन लावून करती ती. पहिल्या दिवशी तिला बी जमंना."

मी फोनवर जे बोलले ते इथं लिहीत नाही. विमलनं बिचारीनं तीन आठवडे इमानदारीनं, दिवसातून दोनदा, माझे सगळे व्यायाम केले होते. हिराबाईंचा गुडघा तेवढेच दिवस आखडत गेला होता. परत आल्या तेव्हा पंच्याण्णववर होता. पाच अंश मागं. रागाच्या भरात मी त्यांना रडवलं, आणि नंतर घरी जाऊन मी रडले. कारण पाय बघून पेशंट ओळखणं हे माझं काम. एकवीस दिवस मी दुसऱ्याच बाईच्या पायाचं कौतुक करत होते.

*

फेब्रुवारीत सरांनी वर माझ्या खोलीत येऊन हिराबाईंना तपासलं. गुडघा हातात धरून पुढं ओढला, आडवा वळवून बघितला. हलेना. सर खूश झाले.

"एकदम पक्का. जरासुद्धा सटकत नाही."

"पण वाकत नाही," मी म्हटलं. "एकशे पंधराला अडकलाय."

"स्थिर आहे ना? आपण ऑपरेशन कशासाठी केलं? स्थिर करायला."

"त्यांनी ते कशासाठी करून घेतलं? बसायला."

असं आमचं पेशंटसमोर चालू झालं. एरवी मी सरांशी वाद घालत नाही, त्या दिवशी घातला. मला स्वतःचाच राग येत होता आणि तो मी त्यांच्यावर काढत होते. शेवटी सर म्हणाले, आतमध्ये व्रणाची जाळी धरली असेल. पुन्हा कॅमेरा घालून मोकळी करता येईल. छोटं ऑपरेशन आहे.

हिराबाई चपला घालत होत्या. "आता नाय," त्या म्हणाल्या. "दीड महिन्यावर उन्हाळ कांद्याची काढणी आली."

"पण मग बसणार कशा?" मी विचारलं.

"मुकादमाला किती डिग्री लागतात ताई, ते कुठं लिहून ठेवलंय का?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडे बघितलं तर डोळे भरले होते. विमल दारात फाइल घेऊन उभी होती. हिराबाई तिच्याकडे न बघता जिन्यानं खाली गेल्या, कठडा धरून, एक एक पायरी. विमल मागून गेली.

नंतर त्या तीन वेळा आल्या नाहीत. फोन उचलेनात.

*

एप्रिलच्या एका रविवारी मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि सकाळी सकाळी चांदवड गाठलं. पिशवीत कोन मोजायची पट्टी टाकली होती. वाटेत बोलायची वाक्यंही तयार केली होती. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक तर या बाई जबरदस्तीनं उकिडव्या बसत असणार आणि घातलेली दोरी पुन्हा तोडणार. नाहीतर टोळी विमलकडे गेली असणार आणि या घरी बसल्या असणार. दुसरं झालं असेल तर काय बोलायचं, ते काही मला सुचत नव्हतं.

घरी कुलूप. शेजारच्यांनी वावर दाखवलं. बांधावर नवऱ्याला थांबवून मी आत गेले.

लांबून टोळी दिसली. उपटलेले कांदे पसरलेले आणि बायकांची ओळ हळूहळू पुढं येत होती. पण ओळ काहीतरी वेगळी वाटत होती. जवळ गेल्यावर कळलं. बायका बसल्या होत्या, पण उकिडव्या नव्हत्या. प्रत्येकीच्या खाली एकेक प्लॅस्टिकचं क्रेट, द्राक्षं-टोमॅटो भरायचं असतं तसलं, उपडं घातलेलं. निळी, लाल, एखाददुसरं हिरवं. समोरचे कांदे कापून झाले की सगळ्या जणी अर्धवट उठून क्रेट पुढं ओढायच्या आणि पुन्हा टेकायच्या.

सगळ्यांच्या पुढं हिराबाई. ऑपरेशनचा पाय जरासा पुढं, हातात विळा, आणि हात सपासप चाललेला. मी सवयीनं नजरेनंच कोन धरला. एकशे दहा. आरामात.

मला बघून त्या म्हणाल्या, "रागावू नका ताई. काढणी झाली की येते. आता कुणाला बोलायला बी येळ नाय."

"आणि ही क्रेटं कुणाची आयडिया?"

"मला काय इचारता? विमलला इचारा."

विमल त्यांच्या शेजारी, ओळीत दुसरी. मला तिचा आवाज तोपर्यंत फारसा माहीत नव्हता. ती पात कापता कापताच बोलली.

"पहिल्या दिवशी आक्का क्रेट घेऊन आल्या खऱ्या. पण बांधावरच उभ्या राहिल्या. बसंनात. तासभर तशाच उभ्या. मग मी गेले, एक क्रेट आणलं अन् त्यांच्या जागंच्या शेजारी टाकून बसले. मागून सखूबाई उठली, तिनं बी आणलं. मग एक एक करून सगळ्याच गेल्या."

"आक्कांना अवघड वाटू नये म्हणून?" मी विचारलं.

विमलनं विळा थांबवला आणि माझ्याकडे बघितलं.

"आक्कांचं काय त्यात? ह्या ओळीत एकीचा बी गुडघा धड नाय, ताई. रात्री तेल लावून झोपतो सगळ्या जणी. पण मुकादम खाली बसल्यावर वर कोण बसणार?"

हिराबाईंचा हात थांबला. मागची सगळी ओळ थांबली.

"इतकी वर्षं एक जण बी बोलली नाय मला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही तरी कुठं बोलल्या, आक्का?" विमल म्हणाली, आणि तिनं क्रेट पुढं ओढलं.